माडीच्या फळ्या : शुक्रवार पेठेतल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या एका घराचं आहे. घरच्यांना विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील वगळलेत, बाकी घडलं तसं मांडलंय. घरातला मुलगा माझा मित्र. मला जुनं लाकूडकाम दुरुस्त करायची आवड आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने बोलावलं. फेब्रुवारी ते मे २०२३ मधले जवळजवळ सगळे रविवार मी त्या माडीवर काढले.

घर आणि माणसं

घर कोल्हापूर संस्थानच्या राजाराम महाराजांच्या काळातलं, म्हणजे शंभरेक वर्षांचं, असं आजी सांगतात. त्या लग्न होऊन आल्या तेव्हाही ते जुनंच होतं. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि वर एक मोठी माडी, अठरा फूट बाय अकरा फूट. भिंती दगड, वीट आणि पांढऱ्या मातीच्या. माडीची जमीन म्हणजे कडीपाट : किंजळीच्या दहा कड्या आणि त्यांवर सागाच्या सव्वा इंच जाडीच्या, साधारण नऊ इंच रुंदीच्या फळ्या. कड्यांचं एक टोक मागच्या पश्चिमेच्या भिंतीत, दुसरं मधल्या तुळईवर. फळ्यांच्या पंधरा ओळी, एका ओळीत दोन फळ्या, एकूण तीस.

घरात आजी, निवृत्त झालेले अण्णा, मुलगा, सून आणि तीन वर्षांचा नातू. माडी त्यांच्यासाठी शोभेची खोली कधीच नव्हती. पंचगंगेला पाणी चढलं की घर वर जातं. राजाराम बंधाऱ्याजवळ पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आकडे त्या घरातल्या नातवालाही लवकरच पाठ होतील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये खालच्या घरात पाणी होतं. दोन्ही वेळा फ्रिज, लोखंडी कपाट, धान्याची पोती, सिलिंडर, देवघर सगळं माडीवर गेलं. जिना पूर्वेला उघडतो, म्हणून येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवून सगळा बोजा पश्चिमेच्या कोपऱ्यात रचला गेला. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

अडचण

मला बोलावलं ते वेगळ्याच कारणासाठी. माडीवर बरीच वर्षं प्लास्टिकचं फ्लोअरिंग अंथरलेलं होतं. ते फाटलं म्हणून सुनेने एक कोपरा उचलला, तर खाली वर्तमानपत्रं आणि त्याखाली तांबड्या तेलरंगातल्या फळ्या. एका पानावर १९९४ साल स्पष्ट दिसत होतं, म्हणजे एकोणतीस वर्षं त्या फळ्यांना हवा नव्हती. रंग जिथे पोपडे धरून निघाला होता तिथे सागाचा मधासारखा रंग दिसत होता. सुनेला तो आवडला. तिचं म्हणणं साधं होतं : मशीनने घासू, पॉलिश करू, पाडव्याच्या आत संपवू.

मी गेलो त्या दिवशी माडीत चाललो तर पश्चिमेकडे पाऊल किंचित उताराला लागल्यासारखं वाटलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली. सगळ्यात खोल ठिकाणी झोल सव्वा इंचाचा निघाला. दोन फळ्यांच्या कडेला बारीक पिवळसर पीठ सांडलेलं होतं. बोटाने झाडलं, दुसऱ्या रविवारी पुन्हा तेवढंच साठलं होतं. म्हणजे किडा जिवंत होता.

आता प्रश्न नुसता रंग काढण्याचा राहिला नव्हता. पण हे मान्य करायला आम्हाला आणखी दोन आठवडे लागले, आणि तो आमचा पहिला चुकलेला निर्णय.

कोणते मार्ग होते

अण्णांच्या मनात स्लॅब होता. आजूबाजूच्या बऱ्याच घरांनी तेच केलंय. पण स्लॅबचा भार मातीच्या भिंतींवर टाकता येत नाही. त्यासाठी खाली पाया घेऊन आरसीसीचे खांब उभे करायला हवेत, म्हणजे घरच नव्याने बांधल्यासारखं.

दुसरा मार्ग टाइल्सचा. ओळखीच्या एका गवंड्याने फळ्यांवर प्लास्टिकचा कागद, वर कोबा आणि टाइल्स असं सुचवलं, चार दिवसांचं काम. आम्ही कागदावर हिशेब केला. दोन इंची कोबा आणि टाइल्स धरून एका चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास वजन येतं. माडी साडेअठरा चौरस मीटर. म्हणजे दोन टनांच्या वर बोजा, तोही कायमचा, आधीच लवलेल्या कड्यांवर. हा आकडा अण्णांनी स्वतः दोनदा गुणून बघितला आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. त्यानंतर त्यांनी टाइल्सचं नाव काढलं नाही.

तिसरा मार्ग, फळ्यांवर नवं प्लायवुड आणि त्यावर व्हिनाइल. हे स्वस्त आणि हलकं होतं. पण एकोणतीस वर्षं हवा कोंडल्याचं फळ समोर दिसत होतं, तेच पुन्हा करायला मन घेईना.

चौथा, पूर्ण काम ठेकेदाराला देणं. एका ठेकेदाराने येऊन बघितलं. ग्राइंडरला डिस्क लावून दोन दिवसांत घासून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून देतो म्हणाला. झोलाबद्दल विचारलं तर म्हणाला, जुन्या घरात असायचंच. त्या उत्तरावरून त्याला नको म्हणायचं ठरलं, आणि मला अजूनही वाटतं की ते बरोबरच झालं.

राहिला पाचवा मार्ग : स्वतः करायचं, सावकाश, आणि जे आपल्या हातचं नाही तेवढंच जाणकाराकडून करून घ्यायचं.

खालून बघितलं तेव्हा

आम्ही वरून सुरुवात केली. दोन रविवार फक्त प्लास्टिक आणि चिकटलेली वर्तमानपत्रं काढण्यात गेले. तिसऱ्या रविवारी पेठेतले एक म्हातारे सुतारकाका जिना चढून आले. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी माडीत एक फेरी मारली, पायाने दोन-तीन फळ्या दाबल्या आणि विचारलं, “खालनं बघितलंसा का?”

नव्हतं बघितलं. खाली माजघरात वरून माती-धूळ पडते म्हणून कड्यांच्या पोटाला हार्डबोर्ड ठोकलेला होता. त्यामुळे कड्या कुणाला दिसतच नव्हत्या.

“मग वर काय घासत बसलाय? आधी पोट बघा की.”

हार्डबोर्ड काढला. दहापैकी सात कड्या दगडासारख्या ठणठणीत. पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या तीन कड्यांची भिंतीतली टोकं काळी पडली होती. काकांनी टोच्या घेतला आणि एका टोकात दाबला. मला वाटलं होतं चार-सहा मिलिमीटर जाईल. टोच्या मुठीपर्यंत आत गेला, आवाज न करता. बाहेर काढला तर टोकाला ओला, तपकिरी, चौकोनी तुकड्यांचा भुगा. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. त्यात लाकडाचा कण नव्हता, चुरलेल्या बिस्किटासारखा होता. नातू जिथे तीनचाकी सायकल चालवायचा ती जागा बरोबर या टोकांच्या वर होती. कुणी काही बोललं नाही. मुलाने वर जाऊन सायकल खाली आणली.

टोकं का कुजली, याचा माग काढायला एक दिवस गेला. त्या कोपऱ्यावर छपराची पन्हळ फुटकी होती आणि पावसाळाभर पाणी भिंतीवर ओघळायचं. पश्चिमेची भिंत, म्हणजे पावसाचा मारा थेट. पूर्वी बाहेरून चुन्याचा गिलावा होता. २००५ च्या पुरानंतर भिंत पक्की करायची म्हणून सिमेंटचा गिलावा केला. चुना ओल आत घेतो तशी बाहेरही सोडतो. सिमेंटला भेग पडली की पाणी आत जातं, पण सहज बाहेर पडत नाही. भिंतीच्या पोटात ओल राहिली आणि तिथे लाकडाची टोकं होती. त्यात दोन पुरांत बोजा नेमका त्याच कोपऱ्यात रचलेला. झोल एका दिवसाचा नव्हताच.

थांबण्याचा निर्णय

या टप्प्यावर घरात वाद झाला. सुनेचं म्हणणं, आता सगळंच उलगडलंय तर इंजिनिअरला दाखवू. अण्णांचं म्हणणं, काकांनी आयुष्यभर हेच केलंय, इंजिनिअर येऊन पाडा म्हणेल. मला दोघांचं पटत होतं. शेवटी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन एकदा बोलावलं. त्याने पाडा म्हटलं नाही. सात कड्या चांगल्या आहेत, तीन टोकांना दोन्ही बाजूंनी नवं लाकूड लावून बोल्टने आवळा, माडीत बोजा एका जागी साठवू नका, आणि हे होईपर्यंत त्या कोपऱ्यात कुणी जाऊ नका, एवढं लिहून दिलं. काकांनी कागद वाचला आणि म्हणाले, माझंबी हेच म्हणणं हाय. या भेटीची फी सगळ्या खर्चात सगळ्यात छोटी होती. ती फळ्या उचलायच्या आधी, पहिल्याच आठवड्यात द्यायला हवी होती.

पाडव्याचा मुहूर्त सोडला. हा निर्णय सुनेने घेतला आणि तो सगळ्यात अवघड होता, कारण पाहुण्यांना बोलावून झालं होतं.

कड्यांचं काम

हे काम काकांनी आणि त्यांच्या हाताखालच्या पोराने केलं. आम्ही फक्त पकडायला. खालून सागाचे दोन धिरे दिले आणि त्यांच्याखाली जॅक. कडी एकदम उचलायची नाही. दर तीन-चार दिवसांनी जॅकला थोडा पीळ, मग थांबायचं, वर भिंतीला कुठे भेग पडते का बघायचं. तीन आठवड्यांत सव्वा इंचातला पाऊण इंच परत आला. उरलेला अर्धा इंच काकांनी सोडून दिला. वर्षानुवर्षं भार सोसून लाकूड ज्या आकारात बसतं त्यातून ते पूर्ण मागे येत नाही, ओढाताण केली तर दुसरीकडे तडकतं. आजही माडीत लक्ष देऊन चाललं तर तो अर्धा इंच पायाला कळतो.

कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापला. मुरलेलं जुनं सागवान आणून प्रत्येक कडीला दोन्ही अंगांनी चार-चार फुटांच्या जोडफळ्या लावल्या आणि १२ मिलिमीटरच्या बोल्टने आरपार आवळल्या. भिंतीत जाणाऱ्या टोकांभोवती बोटभर मोकळी जागा ठेवली, म्हणजे हवा खेळेल. बाहेरून त्या पट्ट्यातला सिमेंटचा गिलावा फोडून चुन्याचा केला. पन्हळ बदलली.

इथे क्रम चुकला, हे मोकळेपणाने लिहितो. पन्हळ आणि गिलावा आम्ही मेमध्ये, सगळ्यात शेवटी केला, कारण बाहेरचं काम म्हणून ते मागे पडत गेलं. भिंतीला सुकायला उन्हाळ्याचे तीन महिने मिळाले असते, ते तीन आठवडे मिळाले.

रंग काढताना

आता फळ्या. तांबडा रंग कधी मारला हे कुणालाच आठवत नव्हतं, पण १९९४ च्या आधीचा हे नक्की. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तेलरंगांत शिसं असण्याची शक्यता बरीच. जुन्या लाल अस्तरांत तर शेंदूर वापरायचे, आणि शेंदूर म्हणजे शिशाचीच राख. असा रंग कोरडा घासला की बारीक धूळ उडते. ती लहान मुलाच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि तो भरून येत नाही.

म्हणून शिसं आहे असंच धरून चाललो. नातू आणि सून गडहिंग्लजला माहेरी गेले. फळ्या ओल्या फडक्याने भिजवत पत्रीने खरवडल्या. एन-९५ मास्क, जुने कपडे, आणि ते कपडे घरच्या धुण्यात घालायचे नाहीत. केरसुणी बंद, सगळे पोपडे ओलेच गोळा करून जाड पिशव्यांत बांधले. हे काम कंटाळवाणं होतं. एका रविवारी दोघांत मिळून चार फळ्या व्हायच्या. ठेकेदाराच्या ग्राइंडरने दोन दिवसांत झालं असतं आणि ती धूळ घरभर, खालच्या पिठाच्या डब्यांपर्यंत गेली असती.

एका रंगाऱ्याने कॉस्टिक सोडा लावा, रंग सोलून निघेल, असं सांगितलं होतं. कपाटाखाली जाणाऱ्या एका फळीवर हातभर जागेत लावून बघितला. रंग निघाला, पण खालचा साग काळपट पडला. तो डाग अजून तिथे आहे. मोठ्या जागेवर काहीही लावण्याआधी हातभर जागेवर लावून दोन दिवस थांबायचं, हा नियम आम्ही तिथून पाळला.

खरवडलेल्या चार फळ्या बाद झाल्या. शेजारच्यांनी त्या बंबात घालायला मागितल्या. नाही म्हणावं लागलं, आणि का ते समजावून सांगावं लागलं. शिशाचा रंग असलेलं लाकूड जाळलं की ते धुरातून आणि राखेतून घरात येतं.

किडा कुठे होता

त्या चार फळ्या सागाच्या नव्हत्याच. कधीतरी दुरुस्ती करताना आंब्याच्या टाकल्या होत्या आणि रंगाखाली सगळ्या सारख्याच दिसत होत्या. किडा त्यांत होता. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, आंब्याचं लाकूड मात्र त्याला लोण्यासारखं. शेजारच्या दोन सागाच्या फळ्यांच्या कडेला पांढरी साल, म्हणजे गाभ्याबाहेरचं कोवळं लाकूड, राहिली होती, तिथेच काय ती भोकं. म्हणजे पूर्ण जमीन पोखरलीय या भीतीने आम्ही जी झोप घालवली, ती चार फळ्यांसाठी. आंब्याच्या जागी जुन्या वाड्यातून निघालेल्या सागाच्या फळ्या विकत आणल्या. सालीची कड तासून टाकली.

बाकी फळ्यांना आणि सगळ्या कड्यांना बोरिक अ‍ॅसिड एक भाग आणि टाकणखार दीड भाग गरम पाण्यात विरघळवून ब्रशने दोन हात दिले. हे द्रावण उघड्या लाकडातच मुरतं, रंगावर किंवा तेलावर दिलं तर वाया. म्हणून ते तेलाच्या आधी, आणि त्यानंतर आठवडाभर सुकू दिलं.

फळ्या उचलताना प्रत्येकीच्या पाठीवर खडूने नंबर घातला होता. तीस फळ्या एकसारख्या वाटतात, पण शंभर वर्षांच्या शेजाराने प्रत्येकीची कड दुसरीला जुळलेली असते. घडीव चौकोनी खिळे निघताना फळी फाटू नये म्हणून प्रत्येक खिळा मागून ठोकून थोडा वर आणला आणि मग जंबुऱ्याने ओढला. परत बसवताना पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या सहा फळ्या खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवल्या. काकांना ते आवडलं नाही, पण ती टोकं पुन्हा बघायची वेळ येणार हे आम्हाला कळत होतं.

मग घासणं. साठचा पॉलिश पेपर, मग ऐंशी, मग एकशेवीस, नेहमी रेषेच्या दिशेने. खिळ्यांची डोकी आधी पंचने आत ठोकलेली. किती घासायचं, हा खरा निर्णय होता. उंबऱ्याजवळ दोन फळ्यांवर पावलांनी झिजून उथळ वाटी झाली होती. ती सपाट करायची तर तीन-चार मिलिमीटर लाकूड काढावं लागलं असतं. आजी वर आल्या, त्या वाटीत पाय ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हे न्हाई काढायचं. इथं उभी राहून मी रंकाळ्याचं वारं खातो.” ती वाटी तशीच आहे.

तेल की पॉलिश

पीयू टणक, चकचकीत, पाण्याला चांगलं. पण ते फळीवर थर करून बसतं. जुन्या फळ्या ऋतूप्रमाणे हलतात, तेव्हा सांध्यांवर तो थर तडकतो, आणि दुरुस्त करायचा तर पूर्ण घासून काढावा लागतो. बेल तेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, लाकडात मुरतं. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा लावता येतं. त्याला वर्षातून एकदा हात द्यावा लागतो आणि पहिले पंधरा दिवस घराला वास राहतो. घरच्यांनी तेल निवडलं. पहिला हात टर्पेंटाइन निम्मं मिसळून पातळ, पुढचे दोन जवळजवळ तसेच. लावल्यावर वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून काढायचं, नाहीतर ते चिकट राहतं. शेवटी मेण.

त्या पुसण्याच्या चिंध्यांनी आम्हाला मोठा धडा दिला. एप्रिलमधला रविवार होता, पहिला हात देऊन झाला होता. तेलाच्या चिंध्या आम्ही बोळा करून प्लास्टिकच्या बादलीत टाकल्या, बादली मागच्या गॅलरीत पत्र्याखाली, आणि जेवायला खाली बसलो. ताक वाढत असताना आजी थांबल्या. “कायतरी जळाल्यागत वास येतोय. मी सांगतो तुला, गॅस बघ.” गॅस बंद होता. मुलगा वर पळाला. बादलीचा तळ मऊ पडून एका अंगाला कलला होता. मी वरची चिंधी उचलली तर आतली तपकिरी झालेली, हाताला चटका बसला, आणि हवा लागताच तिच्यातून धुराची बारीक दोरी निघाली. पाण्याची घागर ओतली.

काडी नाही, ठिणगी नाही. जवसाचं तेल सुकतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं आणि त्यात उष्णता सुटते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, बोळ्यात साठते. पत्र्याखालच्या एप्रिलने उरलेलं काम केलं. पंधरा मिनिटं उशीर झाला असता तर हे प्रकरण लाकडी घराच्या आगीचं झालं असतं. त्यानंतर प्रत्येक चिंधी तारेवर एकेक, सुटी, उघड्यावर वाळत घातली, आणि कडक झाल्यावर पाण्याच्या डब्यात. मला हे आधी वाचून माहीत होतं. सांगायचं राहिलं होतं.

जुलैमध्ये

मेच्या तिसऱ्या आठवड्यात काम संपलं. एकूण खर्च अठ्ठावन्न हजार, त्यातला निम्म्याहून जास्त कड्यांचा. माडी सुंदर दिसत होती. फळ्यांमध्ये चार-पाच मिलिमीटरच्या फटी होत्या, त्या आम्ही एप्रिलमध्ये लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून घट्ट भरल्या होत्या. पृष्ठभाग एकसंध, काचेसारखा.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाचा फोन आला : मधल्या दोन ओळींच्या फळ्या पाठ वर काढून उभ्या राहिल्यात आणि भुशाच्या लांब कांड्या फटींतून बाहेर आल्यात.

चूक माझी. लाकूड कोरड्या उन्हाळ्यात आक्रसतं आणि पावसात फुगतं. नऊ इंची फळीला दोन मिलिमीटर ही काही मोठी गोष्ट वाटत नाही. पण पंधरा ओळी एकमेकींना लागून आहेत, दोन्हीकडे भिंत आहे, आणि पंधरा गुणिले दोन म्हणजे तीन सेंटिमीटर. ती जागा त्या फटी देत होत्या. ऐन कोरड्या उन्हाळ्यात, सगळ्यात रुंद असताना, मी त्या दगडासारख्या भरून टाकल्या. जुन्या सुतारांनी त्या फटी आळसाने ठेवल्या नव्हत्या.

सगळा भुसा पटाशीने उकरून काढला, त्यात दोन रविवार गेले. ऑक्टोबरपर्यंत फळ्या आपोआप खाली बसल्या, एक सोडून. ती उचलून कडेने रंधा मारावा लागला. आता रुंद फटींत बेल तेलात भिजवलेली तागाची सुतळी दाबून बसवलीय. ती दबते आणि सुटते. बारीक फटी तशाच. खाली थोडी धूळ पडते, ती पडू दे असं घरच्यांनी ठरवलं. माजघराला हार्डबोर्ड पुन्हा लावला नाही. कड्या आता उघड्या आहेत, कुणीही मान वर करून बघू शकतं.

बोजा

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने ४३ फूट ओलांडलं. पाणी यांच्या दारापर्यंत आलं नाही, पण सामान वर गेलं. या वेळी पोती पूर्व-पश्चिम भिंतींलगत, कड्यांच्या टोकांजवळ विभागून ठेवली आणि फ्रिज तुळईवर. मुलाने आधीच मधल्या कड्यांखाली एक दोरी ताणून खूण केली होती. सामान चढल्यावर कड्या तीन मिलिमीटर उतरल्या आणि सामान खाली गेल्यावर दोरीला परत आल्या. मला फोनवर आकडा सांगताना त्याचा आवाज चढला होता.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी हार्डबोर्ड काढला असता. पन्हळ फेब्रुवारीत बदलली असती. इंजिनिअरची भेट सगळ्यांच्या आधी. फटींना पहिल्या वर्षी हातच लावला नसता, एक पावसाळा बघून मग ठरवलं असतं. चिंध्यांसाठी पाण्याचा डबा तेलाचा डबा उघडायच्या आधी भरून ठेवला असता. कड्यांचं काम मात्र याही वेळी स्वतः केलं नसतं. खरवडणं, घासणं, तेल, फळ्या उचलणं हे धीर असेल तर कुणालाही जमतं. माणसांच्या डोक्यावरचं लाकूड कापायला जाणता हातच लागतो.

एका गोष्टीबद्दल मी अजून निश्चिंत नाही. पश्चिमेकडच्या तीन कड्यांतल्या मधल्या कडीवरची फळी गेल्या पावसाळ्यापासून करकरते. भिंत उशिरा सुकली, त्यामुळे त्या टोकाला पुन्हा ओल धरली असेल अशी शंका आहे. पावसाआधी ती फळी उघडून टोच्या लावून बघायचं ठरलंय. स्क्रूच आहेत, पाच मिनिटांत निघेल. काका म्हणालेत, मला बोलवा, मी बी बघतो.